सातवा कप्पा

“तीन,” माझा कॅफेतला मित्र आनाक्लेतो म्हणाला, आणि नोटरीबाईंनी ते टाइप करून टाकलं. इच्छापत्र न करता कुणी गेलं की त्याच्या आईबापांना पोरं किती होती हे ओळखीच्या दोघांनी शपथेवर सांगायचं, अशी आमच्याकडची रीत. माझ्या वयाच्या माणसांचे निम्मे जन्म तर कुठे नोंदलेच गेले नाहीत, म्हणून कोर्ट शेजाऱ्यांच्या तोंडावर विसंबतं. मी बहिणीचा एकुलता वारस म्हणून भिंतीलगतच्या खुर्चीवर बसलो होतो. बगलेत थर्मास, हातात येर्बाच्या कडू चहाचा भोपळा, आणि मनात पुढचा विचार, की इथून सुटलो की बाजारात जाऊन मुरंब्यासाठी बिहीची फळं घ्यायची. आनाक्लेतो ‘दोन’ म्हणणार, सही करणार, आणि अर्ध्या तासात आम्ही कॅफेत असणार. जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं मला झालं. “एवारिस्तो, देल्मिरा आणि लिसांद्रो,” तो पुढे म्हणाला. “लिसांद्रो जहाजावरून ब्राझीलला गेला तो गेलाच.” मग त्यानं रुमाल काढून डोळे पुसले. दुसरी साक्षीदार म्हणजे खालच्या मजल्यावरची एर्मेलिंदा शिंपीण. तिनं आनाक्लेतोच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मान डोलावून सही केली.

एवारिस्तो मी, देल्मिरा माझी बहीण, आणि लिसांद्रो मी मनानं केलेला. पोळीला तूप लावावं इतक्या सहज केलेला. छप्पन्न सालच्या एका दुपारी कॅफेत कुणीतरी मला डिवचलं होतं, की एवढी जीभ तुझी, समुद्राएवढी नदी दारात, आणि पस्तिशी उलटली तरी मोन्तेविदेओच्या बाहेर पाऊल नाही, लग्न नाही, आईच्या आणि बहिणीच्या पदराला बांधलेला. मी कपात साखर ढवळत म्हणालो, की थोरला आधीच निघून गेला, मग आईपाशी कुणीतरी थांबायला नको का. एवढंच. टेबलावर जी शांतता पसरली तिची चव मला अजून आठवते, साखर जरा जास्त झालेल्या कॉफीसारखी. त्यानंतर लिसांद्रोला थांबवणं माझ्या हातात राहिलं नाही. तो दोनदा बुडाला. त्यानं पत्त्यांत एक घोडा जिंकला, त्या घोड्याला बोट लागायची, म्हणून त्याला सान्तुसच्या एका पाद्र्याला विकला, आणि पुढे तो घोडा चर्चच्या घंटेच्या तालावर ओकायचा. त्यानं कॉफीच्या वखारीतल्या काट्यावर स्वतःला तोलून घेणाऱ्या एका विधवेशी लग्न केलं आणि दर वर्षी बायको किती वाढली ते तो मला पत्रानं कळवायचा. त्याच्या डाव्या हाताचं एक बोट यारीच्या दोरात गेलं. त्याची पत्रं यायची त्या दिवशी मी मुद्दाम उशिरा जायचो, म्हणजे सगळे दाराकडे बघत बसलेले असत. घरी आल्यावर देल्मिरा विचारायची, आज काय म्हणतो लिसांद्रो. ती कॅफेत कधी आली नाही, पण गल्ली केवढीशी. मी हसायचो. ती हसायची नाही. बशी पुसत राहायची, आणि मला वाटायचं, थोरली बहीण आहे, चालवून घेते.

मला खरं तर एकच गोष्ट हवी होती. आजोबा पाथरवट होते. नदीकाठच्या दफनभूमीत त्यांनी स्वतःच्या हातानं घर बांधलं, मेल्यावरचं. दगडी दार, आत उतरायला चार पायऱ्या, आणि भिंतीत सात कप्पे. माणूस आधी खाली शवपेटीत राहतो, मग काही वर्षांनी हाडं धुऊन, लहान पेटीत घालून वर कप्प्यात चढवतात. पाच कप्पे भरलेले होते, आजोबा, आजी, बाबा, आई, आत्या. देल्मिराला जाऊन अकरा आठवडे झाले होते. ती अजून खाली होती, यथावकाश सहाव्यात जाईल. सातवा माझा. सहासष्ट वर्षं आम्ही एकाच घरात एका भिंतीच्या दोन बाजूंना झोपलो, ती खोकली की मला कळायचं, मी उठलो की तिला. ती भिंत मला पुढेही हवी होती, दुसरं काही नको. पण आजोबा कडक माणूस, त्यांनी मालकीच्या कागदातच लिहून ठेवलं होतं, की कप्पा राखून ठेवायचा नाही, रक्ताच्या वारसांत जो आधी जाईल तो आधी आत जाईल. दोघंच उरलो होतो तोवर त्या वाक्याला दात नव्हते.

नोटरीबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. इतके दिवस तुम्ही या भावाबद्दल बोलला का नाहीत, असं त्यांनी विचारलं. खरं बोलायला तेव्हा एक श्वास पुरला असता. बाई, हा माझा मित्र भाबडा आहे आणि मी थापाड्या आहे, पान बदला. तोंड उघडलं तेव्हा मला आनाक्लेतोचा रुमाल दिसला. ट्रामवर तिकीट तपासण्यात ज्याचं आयुष्य गेलं, ज्यानं फुकट प्रवास करणाऱ्या सख्ख्या मेव्हण्याला खाली उतरवलं, त्या माणसाची शपथ मी खोटी पाडणार होतो. आणि दुसरंही खरं सांगतो, जीभ सवयीची. “घरातली गोष्ट आहे, बाई,” मी म्हणालो. “त्याचं नाव काढलं की आई जेवायची नाही.” बाईंची बोटं मऊ झाली. त्यांनी तेही टाइप केलं.

बाहेर पडल्यावर रस्ता तोच होता, पण मला सारखं वाटत होतं की कुणीतरी आपल्या चालीत चाल मिळवतंय. वाटेत आनाक्लेतो हवापाण्याचं बोलत राहिला, नेहमीपेक्षा जास्तच, आणि लिसांद्रोचा विषय त्यानं काढला नाही. मी बिही घ्यायची विसरलो. घरी आलो, देल्मिराच्या खुर्चीत न बसता माझ्या खुर्चीत बसलो, आणि भोपळ्यात पाणी ओतताना हॉस्पिटलातली ती शेवटची दुपार डोळ्यांपुढे आली. तिचा हात पालीच्या पोटासारखा गार होता. डोळे मिटलेले. ती म्हणाली, लिसांद्रोला कळवलंस का. मला वाटलं तापात बरळतेय, किंवा जाता जाता माझी एक शेवटची थट्टा करतेय, ती थट्टा अशीच करायची, चेहरा न हलवता. मी म्हणालो, कळवलं. येतो म्हणाला का. येतो म्हणाला. तिनं मान हलवली, बाजारातला हिशेब बरोबर लागल्यासारखी, आणि पुढे बोलली नाही. माझ्या आयुष्यात मी हजारो थापा मारल्या, पण कुणी इतक्या शांतपणे जमा करून घेतलेली ती एकच.

बेपत्ता वारसाच्या वतीनं कोर्ट एक वकील देतं. ती ब्रिसा नावाची पोरगी निघाली, तिशीची, केस कापलेले, सायकलवरून यायची आणि सायकल माझ्या स्वयंपाकघरात उभी करायची. असल्या प्रकरणांत तिच्या जागेवरचे लोक पेपरात जाहीर आवाहन छापतात, नव्वद दिवस वाट बघतात आणि फाइल मिटवतात. मीही त्याच आशेवर होतो. पण तिची ही पहिलीच फाइल. “काका, तुम्ही फक्त आठवा,” ती म्हणायची, “शोधायचं माझ्याकडे लागलं.” जन्मसाल विचारलं, मी माझ्याहून दोन वर्षं आधीचं दिलं. उंची विचारली, मी दारापाशी उभं राहून हात कपाळाच्या वर धरला, आणि हात तिथेच थांबला, जणू खाली डोकं होतं. तिनं टेप लावून ती उंची मोजून घेतली. ती गेल्यावर मी कितीदा तरी त्या दारातून जाताना अंग चोरलं.

आवाहन छापून आलं तेव्हा मी ते पेपरातून कापून देल्मिराच्या कपाटात ठेवलं. जो कोणी स्वतःला हक्कदार समजत असेल त्याने यावे. बाकी शब्द कोर्टाचे होते, रुक्ष, पण ‘त्याने यावे’ हे वाचताना मानेवरून वारा गेला. असं कुणाला बोलवू नये. रिकाम्या घराच्या दारात उभं राहून, कोण आहे, म्हणून हाक मारू नये, आई सांगायची. उत्तर आलं नाही तरी हाक आत गेलेली असते. मी दिवस मोजू लागलो. दुपारच्या झोपेत मला त्याच्या बुटांचा आवाज यायचा, आणि गंमत अशी की ते बूट मी त्याला कधी दिलेच नव्हते. माझा लिसांद्रो दोरीचे तळवे असलेल्या कापडी चपला घालायचा. हे बूट जड होते, खिळे ठोकलेले, आणि ते घरभर न फिरता एकाच ठिकाणी, माझा पाळणा असायचा त्या कोपऱ्याशी, थांबलेले असायचे. जाग आली की मी स्वतःला हसायचो. इतकी वर्षं दुसऱ्यांना घाबरवलंस, आता स्वतःच्या भुताचं भाडं भर.

एकसष्टाव्या दिवशी ब्रिसा जिना धावत चढली. ब्राझीलच्या रिओ ग्रांदे बंदरातल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या जुन्या वहीत एक नाव सापडलं होतं. लिसांद्रो, पुढे ओलीनं खाल्लेलं ‘गारा…’, आमच्या आडनावाचीही सुरुवात तीच, उरुग्वायचा, खलाशी, सुमारे त्रेपन्न वर्षांचा, एकाहत्तर साली छातीच्या दुखण्यानं गेला, विचारपूस करायला कुणी आलं नाही. अंगावरची खूण, डाव्या हाताला बोट कमी. ती वाचत होती आणि माझ्या कानात किटली शिट्टी घालत होती, पण किटली चुलीवर नव्हती. मी म्हणालो, खलाशांची बोटं जातातच. “तेच ना, काका,” ती म्हणाली, “तुम्हीच सांगितलं होतंत.” मी तिला सांगितलं होतं का, हे मला आजही आठवत नाही. जगात लिसांद्रो कितीतरी असतील, ‘गारा’वरून सुरू होणारी आडनावं कितीतरी, आणि बंदरात मरणाऱ्यांचं कुणी नसतं. मी असा हिशेब मांडत राहिलो आणि तो दर वेळी बरोबर यायचा, तरी एक प्रश्न सुटेना. कुठल्यातरी परक्या माणसाला मी दुरून, कॉफी ढवळता ढवळता, त्याच्या खाटेवर नेऊन निजवलं होतं का?

ब्रिसानं कागद माझ्यापुढे सरकवला. हा माझा भाऊ, एवढं लिहून सही केली की प्रकरण मिटलं. तो मागे बायकापोरं न ठेवता गेला, तेव्हा सगळं माझ्याकडे येतं. घर माझं. मग तिनं आवाज खाली आणला, कारण पोरगी चांगली होती. आजोबांच्या कागदाप्रमाणे तो देल्मिराच्याही आधी गेलाय, म्हणजे कप्प्यावर पहिला हक्क त्याचा. देल्मिरा आत आहेच, तिला कुणी हलवणार नाही. राहिला सातवा. आणि त्याची हाडं जिथे ठेवलीत ते रिओ ग्रांदेचं अस्थिघर या हिवाळ्यात पाडणार आहेत, ज्यांना कुणी नेणार नाही त्यांना एका खड्ड्यात घालणार आहेत. “नाही केली सही तर?” मी विचारलं. तर आनाक्लेतोला पुन्हा बोलावतील, ती म्हणाली, की शपथेवर असं का सांगितलंत. एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत ना ते? मी कागद ठेवून घेतला. विचार करायला चार दिवस मागितले.

त्या चार दिवसांत मी एकदाच कॅफेत गेलो. बातमी आधीच पोचली होती. सगळे उभे राहिले, असे ते फक्त प्रेतयात्रेला उभे राहायचे. कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी माझ्या कॉफीचं बिल मला न सांगता दिलं. कॅफेचा मालक म्हणाला, पेटी आणायचा खर्च आमचा, पंचवीस वर्षं तिकडे उपऱ्यासारखा पडलाय बिचारा. मी म्हणालो, त्याला तिकडेच आवडायचं. एरवी माझ्या असल्या वाक्याला टेबल हसलं असतं. त्या दिवशी एकानं नुसतं विचारलं, “सख्ख्या भावाला खड्ड्यात घालणार तू?” मी आनाक्लेतोकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. तेव्हा सांगून टाकायला हवं होतं, आणि मी सांगायला लागलोही. म्हणालो, ऐका, लिसांद्रो म्हणून कुणी नव्हता. त्यांनी माना खाली घातल्या. दुःखानं माणूस कसा होतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी सही केली. घराच्या चावीसाठी केली, आनाक्लेतोसाठी केली, भित्रेपणानं केली, आणि त्यातही, खोटं कशाला बोलू, उत्सुकता होती. आपण लिहिलेलं माणूस पेटीत कसं दिसतं?

ते बसनं आलं. सामानाच्या कप्प्यातून, संत्र्यांच्या दोन पोत्यांच्या मधे, पत्र्याची पेटी, त्यावर चिकटवलेला क्रमांक. दफनभूमीची परवानगी यायला अकरा दिवस लागले आणि ते अकरा दिवस पेटी माझ्याकडे होती. आधी ती देल्मिराच्या पलंगावर ठेवली, मग ते बरं दिसेना म्हणून टेबलाखाली, मग जेवताना पाय लागायला लागला म्हणून पुन्हा पलंगावर. ती हलकी असेल अशी माझी समजूत होती. हलवताना आत काहीतरी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकायचं, सावकाश, कूस बदलल्यासारखं. मी तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला. घोड्याची गोष्ट सांगितली, विधवेची सांगितली. पहिल्यांदाच मला त्या गोष्टी ऐकू आल्या, आणि त्या किती उद्धट होत्या ते कळलं. ज्यानं कुणी ही हाडं वापरली त्यानं त्या खाटेवर कुणाची वाट पाहिली असेल? मला एकही वाक्य सुचेना. चौथ्या दिवसापासून मी घरात चालताना पाय न वाजवता चालू लागलो. भिंतीपलीकडे सहासष्ट वर्षं देल्मिरा असायची. आता तिथे तो होता, आणि मी उठलो की त्याला कळत होतं.

अकराव्या दिवशी सकाळी ढग नदीला टेकले होते. कॅफे बंद ठेवून सगळे आले होते, लग्नातले कोट घालून, आणि कोटांना कपाटाचा वास. ब्रिसानं सायकल दगडी दाराला टेकवली. गवंड्यानं पेटी माझ्या हातून घेतली आणि चार पायऱ्या उतरला, मी मागे. खाली गारवा होता आणि तिथे देल्मिराची शवपेटी, तिच्यावरची फुलं काळी पडलेली. वर सहावा कप्पा रिकामा, तिच्या वाटेचा, त्याच्या शेजारी सातवा. पेटी आत गेली. इंचभरही जागा उरली नाही, जणू आजोबांनी माप घेऊन ठेवलं होतं. गवंड्यानं दगडाची फळी बसवली, कडेनं सिमेंट भरलं आणि थापीनं ते गुळगुळीत करत राहिला. त्या आवाजात मला कळलं, की आता या खोलीत माझ्यासाठी काही नाही. मी मेल्यावर मला सरकारी रांगेत कुठेतरी ठेवतील, अनोळखी शेजाऱ्यांत, आणि काही वर्षांनी त्यांनाही जागा लागेल.

वर लोक प्रार्थना पुटपुटत होते. खाली आनाक्लेतो एकटाच उतरला होता. सिमेंट पुरं होईपर्यंत त्यानं माझं कोपर धरून ठेवलं. मग म्हणाला, “आता सांगायला हरकत नाही. तो आत जाईपर्यंत तुला सांगायचं नाही, असं तिनं वचन घेतलं होतं.”

मी म्हणालो, कुणी.

“देल्मिरानं. जायच्या दोन दिवस आधी तिनं मला हॉस्पिटलात बोलावून घेतलं. म्हणाली, पोरं किती म्हणून विचारतील, तेव्हा तीन सांग, नाहीतर त्याला कुणी शोधणार नाही.” तो थांबला, धाप लागली होती. “एवारिस्तो, तुला काय वाटलं, मी तुझ्या थापांवर शपथ घेतली? चाळीस वर्षांत तुझ्या एका शब्दावर आमचा कुणाचा विश्वास नव्हता. ओकणारा घोडा म्हणे. बाकीच्यांना मी परवा परवा सांगितलं, की यातलं मूळ खरं आहे. पण देल्मिरा खोटं बोलायची नाही.”

मी भिंतीला हात लावला. ओली होती. विचारलं, काय सांगितलं तिनं नक्की.

“एवढंच, की मधला एक होता. दोन वर्षांचा असताना तुझ्या आईनं त्याला देऊन टाकला, बंदरावर, कुणा बाईला. देल्मिरा सात वर्षांची होती, ती आईचा हात धरून उभी होती. तू पाळण्यात. ती म्हणाली, एवारिस्तोला वाटतं तो मनचं सांगतोय. वाटू दे.”

“त्याचं नाव काय होतं?”

आनाक्लेतोनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला तिकीट न काढता चढलेला सापडलो. “नाव ती बोलली नाही,” तो म्हणाला. “नाव तर तूच सांगायचास.”

गवंडी थापी पुसत होता. त्या फळीमागे माझा भाऊ होता, किंवा रिओ ग्रांदेचा कुणी परका होता. परका असेल तर भाऊ कुठल्यातरी दुसऱ्या नावानं, दुसऱ्या बंदरात, कुणाच्याही वहीत नसलेला पडला होता, आणि त्याला शोधायची फाइल मी स्वतःच्या सहीनं बंद केली होती. देल्मिराच्या शवपेटीकडे बघवेना. तिला हवं ते माणूस तिच्या भिंतीपलीकडे आलं होतं का, हे तिला विचारायची सोय नव्हती. आणि मला विचारून काय उपयोग. वरून दफनभूमीचा कारकून नोंदवही घेऊन पायऱ्या उतरला. रकाने भरले होते, एक राहिला होता. त्यानं पेन्सिल जिभेला लावली.

“मयत आपले कोण?” त्यानं विचारलं.

“भाऊ,” मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून असा शब्द गेला, जो खरा आहे की खोटा ते मलाच ठाऊक नव्हतं. कारकुनानं तो लिहून घेतला.